उजवीकडे अर्धा इंच

१

डेल्बर्ट स्ट्राऊड गाडीचा रंग सगळ्यात शेवटी बघायचा. आधी तो चारी चाकांपाशी वाकायचा, खिशातला टेप काढायचा आणि जमिनीपासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर मोजायचा. मिसुरीतल्या बेल्स फेरी गावात त्याने चाळीस वर्षं चाकांच्या अलाइनमेंटचं दुकान चालवलं होतं. जी गाडी सरळ उभी राहत नाही ती सरळ चालत नाही, एवढं एक त्याला पक्कं ठाऊक होतं. बाकी जगातलं आपल्याला फार कळतं असं तो कधी म्हणाला नाही.

त्या ऑक्टोबरातही तो असाच वाकला होता. समोर सदुसष्ट सालची कॉर्वेट होती. निळी, दोनच माणसांची, बसक्या छपराची. ओल्डहॅम नावाच्या एका म्हाताऱ्याने आपल्या कोठारात नऊ वर्षं खपून ती पुन्हा उभी केली होती. स्क्रूसुद्धा जुन्या पद्धतीचे शोधून लावले होते.

"गाडी घेतोयस का तिला कोट शिवतोयस?" मागून एमेट म्हणाला. एमेट दुकानातला त्याचा जुना भागीदार. सोबतीला म्हणून आला होता आणि मघापासून थंडीला शिव्या घालत होता.

डेल्बर्ट टेपवरचा आकडा वाचत होता. डावीकडे सव्वासत्तावीस इंच. उजवीकडे सव्वासत्तावीस इंच. मागेही तसंच, केसाचा फरक नाही. तो उठला तेव्हा गुडघे वाजले, पण चेहरा लहान पोरासारखा झाला होता.

"एक सांगून ठेवतो," ओल्डहॅम म्हणाला. "उजव्या अंगाला पुढच्या स्प्रिंगखाली मी दोन जाड चकत्या घातल्यात. मागच्या स्प्रिंगचा उजवा बोल्टही आखूड आहे. ते तसंच राहू द्या."

"का? चॅसी वाकलीय?"

"तसूभरही नाही. मोजून घ्या."

"मग स्प्रिंग थकली असेल."

"असेल." ओल्डहॅम फडक्याने बॉनेट पुसायला लागला. बॉनेट स्वच्छच होतं. "चकत्यांशिवाय ती सरळ उभी राहत नाही. एवढंच."

"आमचा डेलपण तसाच आहे," एमेट म्हणाला. "कमरेचा पट्टा काढला की संपला."

ओल्डहॅम हसला नाही. "तुमच्या शेजारी कोण बसणार गाडीत?" त्याने विचारलं.

"बायको."

"तब्येत बरी असते त्यांची?"

एमेटने डेल्बर्टकडे पाहिलं आणि लगेच बाहेरच्या शेताकडे नजर वळवली.

"बरी असते," डेल्बर्ट म्हणाला.

ओल्डहॅमने फडक्याची घडी केली, पुन्हा उलगडली, पुन्हा केली. मग किल्ली दिली.

२

नोरीनची तब्येत बरी नव्हती.

रोज सकाळी सात वाजता डेल्बर्ट कॉफी करायचा. ती जिन्यावरून एकेक पाय टेकत उतरायची, कारण तिचा उजवा गुडघा बारा वर्षांपासून धड नव्हता. टेबलाशी बसायची, कागदी रुमाल घेऊन त्याच्या छोट्या छोट्या चौकोनी घड्या घालत राहायची. आणि मग मान वर करून अगदी सभ्यपणे विचारायची, "तुम्ही कोण?"

"मी डेल. तुझा नवरा."

"बरं," ती म्हणायची. पाहुण्याचा मान ठेवावा तशी.

पन्नासहून जास्त वर्षं जी बाई त्याला 'तू' म्हणत आली, प्रेमात असताना आणि भांडतानाही, ती आता त्याला 'तुम्ही' म्हणत होती. विसरण्यापेक्षाही त्याला ते 'तुम्ही' जास्त लागायचं.

मुलीने, पॅटीने, फोनवर स्पष्ट सांगितलं होतं. "बाबा, थँक्सगिव्हिंगच्या सणानंतर आईला इकडे कोलंबिया शहरातल्या वृद्धाश्रमात आणायचं. जागा बघून ठेवलीय. तुमच्या एकट्याने होत नाही आता."

"तोवर राहू दे," तो म्हणाला होता. "तोवर मी एक करून बघतो."

करून बघायचं होतं ते हे. अडुसष्ट साली डेल्बर्टच्या मालकाकडे अशीच एक निळी कॉर्वेट होती. एका रविवारी त्याने ती डेल्बर्टला दिली होती आणि नोरीन नावाची, दातांत फट असलेली एक मुलगी त्याच्या शेजारी बसून नदीच्या रस्त्याने फिरली होती. दुखण्याने नोरीनची सगळी वर्षं खाल्ली, पण तो रविवार कसा कोण जाणे राहिला होता. मधेच ती म्हणायची, "निळी गाडी," आणि हसायची. डेल्बर्टला वाटलं, त्या गाडीत तिला बसवलं तर त्या गाडीतला मुलगाही तिला आठवेल. आपल्याला एकदा ओळखू दे, मग पॅटी म्हणेल तसं करू.

पहिल्या दिवशी दहा वाजता त्याने तिला उजव्या सीटवर, म्हणजे डावीकडच्या स्टीअरिंगच्या शेजारी बसवलं, पट्टा लावला, गुडघ्यांवर शाल टाकली. नदीच्या रस्त्याने धान्याच्या उंच कोठ्यांपर्यंत जाऊन तो परत फिरला. ती शालीच्या कडेच्या घड्या घालत होती. चर्चच्या वळणावर त्याने गिअर बदलला आणि शेजारून आवाज आला.

"डेल, तू अजून वळणावर उशिराच गिअर बदलतोस."

त्याने गाडी कडेला घेतली. स्टीअरिंगवर कपाळ टेकलं.

"रडतोस काय, वेड्या?" नोरीन म्हणाली, आणि त्याच्या मानेवर हात ठेवला. हात गार होता. नोव्हेंबर तोंडावर आलेला, हात गारच असायचे.

घरी पोचेपर्यंत ती पुन्हा 'तुम्ही'वर आली होती. पण ती दहा मिनिटं त्याला मिळाली होती.

३

इथे त्याने एक चूक केली. ती चूक त्याच्याच धंद्यातला माणूस करू जाणे.

चकत्या त्याला स्वस्थ बसू देईनात. दुसऱ्या कुणाला ते ठिगळ चाललं असतं. पण डेल्बर्टने जन्मभर लोकांच्या गाड्यांतली असली ठिगळंच काढून फेकली होती. स्प्रिंग थकली तर नवी घालावी, खाली चकत्या सारून आकडे जुळवू नयेत. त्याने गाडी घरच्या गॅरेजमध्ये लोखंडी घोड्यांवर टेकवली, चकत्या काढल्या, दोन्हीकडे नव्या स्प्रिंग घातल्या, मागचे बोल्ट सारख्या लांबीचे केले. चाकांत सारखी हवा भरली. गाडी खाली उतरवली, दोनदा पुढेमागे ढकलून बसू दिली आणि टेप लावला.

उजवीकडे अर्धा इंच कमी.

त्याने जमीन तपासली. सिमेंटची जमीन पाण्याच्या पातळीने ओतलेली, त्याने स्वतः ओतलेली. डाव्या स्प्रिंग उजवीकडे आणि उजव्या डावीकडे घातल्या. चॅसी कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत मोजली. ओल्डहॅम खरं बोलला होता, तसूभरही वाकली नव्हती.

उजवीकडे अर्धा इंच कमी.

दुपारी एमेट आला. त्याने गाडीकडे मान तिरकी करून पाहिलं. "दारू प्यायलीय का ही?"

"वाळू आण," डेल्बर्ट म्हणाला.

दुकानात ते दोघे हीच युक्ती करत. एकटाच गाडी चालवणाऱ्या गिऱ्हाइकाचं वजन विचारायचं, तेवढी वाळू त्याच्या सीटवर ठेवायची आणि मग चाकं लावायची. पंचवीस पंचवीस पौंडांच्या पिशव्या अजून कोपऱ्यात होत्या. एमेटने डाव्या सीटवर एकेक ठेवायला सुरुवात केली. डेल्बर्ट टेप धरून बसला. एक. दोन. तीन. चार. पाचवी पिशवी ठेवली आणि दोन्हीकडचे आकडे जुळले.

"सव्वाशे पौंड," एमेट म्हणाला. "म्हणजे त्या बाजूला बाई बसलीय म्हण की. चांगली अंगापिंडाने भरलेली."

आणि तो हसला. हसू पुरं व्हायच्या आत त्याची नजर उजव्या सीटकडे गेली. काळ्या कातड्याची रिकामी सीट. तिथे काहीच नव्हतं. एमेटने टोपी काढली, पुन्हा घातली.

"मला निघायला हवं रे," तो म्हणाला. "घरी वाट बघतायत."

एमेटच्या घरी वाट बघणारं कुणी नव्हतं.

४

ओल्डहॅमने फोन पहिल्याच घंटीला उचलला.

"चकत्या काढल्यात ना?" तो म्हणाला.

"मला वाटलं स्प्रिंग थकलीय."

"नव्या घातल्या?"

"घातल्या."

"मग?"

"तरी अर्धा इंच."

पलीकडे कुठेतरी नळ गळत होता, त्याचे थेंब ऐकू येत होते.

"वाळू ठेवून बघितलीत?"

"सव्वाशे."

"माझ्याकडेही तेवढीच भरली होती. पाच वर्षं."

"ओल्डहॅम, काय आहे हे?"

"मी गाडी होती तशी उभी केली. प्रत्येक वस्तू काढताना फोटो काढला आणि जिथली तिथे बसवली. तेवढंच मला येतं. जे तिच्यात होतं ते सगळं मी परत बसवलं." तो थांबला. "चकत्या घालून टाका. ती सरळ दिसली की माणसाला राहता येतं. आणि बायकोला बसवत जाऊ नका."

"कोण होती?"

"मी विचारलं नाही," ओल्डहॅम म्हणाला. "तुम्हीही विचारू नका. विचारलं की तिला वाटतं, आपल्याशी बोलतोय हा."

डेल्बर्टने फोन ठेवला. एकटा राहून राहून म्हातारा भ्रमिष्ट झाला, असं त्याने ठरवलं. मग वाळू? वाळू काही भ्रमिष्ट नव्हती.

५

दुसऱ्या दिवशी दहा वाजता त्याने नोरीनला गाडीपाशी आणलं, पण बसवण्याआधी उजव्या मडगार्डखाली टेप उभा केला. फ्रीजवरच्या कॅलेंडरवर दर रविवारी तो तिचं वजन लिहायचा, डॉक्टरांनी सांगितलं होतं म्हणून. मागच्या रविवारी अठ्ठ्याण्णव पौंड होतं. अठ्ठ्याण्णव पौंडांना कड थोडी तरी खाली यायला हवी.

"बस, नोरीन."

ती बसली. कातडं करकरलं. कड जागची हलली नाही.

"उतर जरा."

ती उतरली. कड हलली नाही.

"परत बस."

"तुम्ही काय शोधताय?" तिने विचारलं. "मी मदत करू का?"

त्याने मडगार्डवर स्वतःचा हात दाबला. गाडी मऊ खाली गेली, मऊ वर आली. म्हणजे काही अडकलं नव्हतं. त्याचा हात गाडीला कळत होता. एका हाडामांसाच्या माणसाचं बसणं कळत नव्हतं. तो तिथेच उकिडवा बसून राहिला आणि त्याच्या मनात आलं, ही बसते तेव्हा तिथून कुणीतरी उठतं का? उठून कुठे जातं?

शहाणपणाची गोष्ट म्हणजे दार लावून आत जायचं. तो तसं करणारही होता. एवढ्यात उजव्या सीटवरून नोरीनने काचेवर बोट वाजवलं.

"डेल! तू येतोयस का मी एकटी जाऊ?"

तो उठला आणि स्टीअरिंगला जाऊन बसला. त्याला दोष द्यायचा तर द्यावा. आठ महिने ज्याला घरात कुणी 'तू' म्हटलेलं नाही त्याने आधी द्यावा.

६

त्यानंतर रोज. पहिल्यांदा 'तू' घराच्या फाटकापर्यंत टिकलं, मग जेवणापर्यंत, मग संध्याकाळपर्यंत. पॅटीचा फोन आला तर नोरीनने तिच्याशी अर्धा तास गप्पा मारल्या आणि पॅटी रडायला लागली.

"बाबा, आई मला माझ्या पहिलीतल्या बाईंचं नाव सांगत होती! काय केलंत तुम्ही?"

"फिरायला नेतो," तो म्हणाला.

"आश्रमवाल्यांना मी थांबायला सांगते."

त्याला हेच हवं होतं. नोरीन पोटभर जेवत होती. दुपारी तिने डंपलिंग घातलेला कोंबडीचा रस्सा केला आणि त्याला वाढता वाढता म्हणाली, "तुझे केस केवढे लाल होते रे तेव्हा. लांबूनच दिसायचास."

डेल्बर्टचे केस काळे होते. लग्नाचा फोटो तिच्या पाठीमागेच भिंतीवर होता. दुखणं आहे, त्याने स्वतःला सांगितलं, चार गोष्टी आठवल्या की एखादी चुकीची आठवणारच. त्याने रस्सा खाल्ला. चांगला झाला होता. नोरीनच्या हातचा मात्र नव्हता.

टेबलावर कागदी रुमालांचा गठ्ठा चार दिवस जसाच्या तसा पडून होता.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात, एका बुधवारी, ते फिरून आले. तो उतरून तिचं दार उघडायला वळसा घालून जातो तोवर ती उतरलीही होती. तिने कमरेने ढकलून दार लावलं. अंगणातून चालत गेली आणि ओट्याच्या तीन पायऱ्या कठड्याला हात न लावता, एकामागून एक, चढली. बारा वर्षं दुखणारा गुडघा.

"आता पुरे झालं फिरणं," ती वरून म्हणाली. "उद्यापासून नको. कंटाळा आला त्या गाडीचा."

डेल्बर्टने गाडी आत लावली. सवयीने टेप काढला. आज अर्धा इंच नव्हता. उजवी बाजू अजून खाली होती, पण थोडीशी वर आलेली.

तो वाळूच्या पिशव्यांकडे गेला. एक, दोन, तीन ठेवल्या. चौथी ठेवली तर जास्त झाली. त्याने चौथीतली वाळू ओंजळीने काढायला सुरुवात केली, थोडी थोडी, आकडे जुळेपर्यंत. मग न्हाणीघरातला वजनकाटा आणून चारी पिशव्या मोजल्या.

अठ्ठ्याण्णव.

त्याने पुन्हा मोजल्या आणि परत सीटवर ठेवल्या. मग वजनकाटा उचलून स्वयंपाकघरात गेला आणि तिच्या पायांपाशी ठेवला.

"रविवारचं राहिलंय," तो म्हणाला. "उभी राहा जरा."

ती हसली. मनापासून हसली, मान मागे टाकून. "बाईमाणसाचं वजन विचारतोस, लाज नाही वाटत?" आणि पायाच्या अंगठ्याने तिने काटा हळूच टेबलाखाली सरकवला.

७

तीन दिवस तो विचार करत राहिला. डोकं शिकलेलं नव्हतं, पण सरळ होतं, आणि ते सरळच चालायचा प्रयत्न करत होतं. वाळूत ओल असेल. वजनकाटा जुना आहे. बायको बरी झाली आणि आपणच बिघडलो, असंही होतं माणसाला या वयात. घरात एक हसती बोलती बाई आहे, ती आपल्याला 'तू' म्हणते, आपल्या मुलीच्या बाळपणीच्या गोष्टी सांगते. तिच्यावर संशय घ्यायचा तो एका टेपच्या जोरावर?

पण ती गॅरेजमध्ये पाऊल टाकत नव्हती. स्वयंपाकघरातून गॅरेजमध्ये उघडणारं दार होतं. ती त्या दारापर्यंत यायची, उंबऱ्याशी थांबायची आणि तिथूनच बोलायची.

शनिवारी सकाळी तो पिशव्या काढायला म्हणून गेला. एकेक उचलून भिंतीशी ठेवली आणि मोकळ्या झालेल्या आपल्या सीटवर बसला. दिवस लख्ख होता. छोट्या खिडकीतून ऊन आत आलं होतं, शेजारची सीट पूर्ण उन्हात होती. रिकामी. कातड्यावरची प्रत्येक शिवण दिसत होती.

"नोरीन," तो म्हणाला. त्याला स्वतःचीच लाज वाटली.

त्याच्या उजव्या कानाने त्याला फारसं ऐकू येत नसे, चाळीस वर्षांच्या हातोड्यांनी तो गेलेला. त्यामुळे आवाज झाला का झाला नाही हे त्याला शपथेवर सांगता आलं नसतं. अगदी हळू होता. सभ्य होता.

"तुम्ही कोण?"

त्याच्या हातांना काम सुचेना. तो काहीतरी म्हणणार होता, पण तेवढ्यात स्वयंपाकघराचं दार उघडलं.

"कुणाशी बोलतोयस?"

ती उंबऱ्याशी उभी होती. चपलेची टोकं बरोब्बर जिथे सिमेंट सुरू होतं तिथे.

"कुणाशी नाही."

"बरं. ऐक. गाडीला मी गिऱ्हाईक बघितलंय. अकरा वाजता येतोय न्यायला. लांबचा आहे, कॅन्ससचा. कागद टेबलावर काढून ठेवलेत, तुझी सही तेवढी राहिलीय. एमेटलापण बोलावलंय साक्षीला."

"मला नाही विकायची."

"डेल." ती गोड बोलली. नोरीन चिडली की कधी गोड बोलत नसे, भांडी आपटायची. "मी बरी झाले ना? मग आता काय करायचीय ती? लोखंडाचा डबा. जाऊ दे ना तिला कुठेतरी लांब."

तिला. डेल्बर्ट तो शब्द ऐकत बसला. गाडीलाही माणूस 'तिला' म्हणतोच.

साडेदहा वाजले होते.

८

त्याने किल्ली फिरवली. गॅरेजचं मोठं दार वर गेलं. निघताना आरशात दिसलं, ती ओरडली नाही, धावली नाही. तशीच उंबऱ्यापाशी उभी होती आणि तिने हात वर केला. निरोपाला करतात तसा.

नदीच्या रस्त्याला लागल्यावर तो मनात हिशेब करू लागला. समज आपलं चुकलं. समज वाळू ओलीच होती. मग आपण काय केलं? आजारी बायकोला घरात एकटी टाकलं. गॅस चालू असेल. ती रस्त्यावर जाईल, नदीकडे जाईल. पॅटी विचारेल, बाबा, तुम्ही कुठे होतात? आणि आपण म्हणणार, मी रिकाम्या सीटला फिरवत होतो.

आणि समज चुकलं नसेल. तर अकरा वाजता कॅन्ससचा माणूस तिला घेऊन गेला असता.

त्याने उजवीकडे पाहिलं नाही. पाहावं असं वाटत होतं आणि धीर होत नव्हता. उजव्या वळणांवर गाडी त्या अंगाला थोडी जास्त झुकत होती. तो वळणं हळू घेत होता. फिरावं मागे, नाही फिरू, फिरावं. चर्चपाशी त्याने वेग कमी केला. तिथे गाडी फिरवायला जागा होती.

समोरून एमेटचा जुना पिकअप ट्रक आला. एमेटने दिवे चमकवले आणि दोन्ही गाड्या रस्त्यात खिडकीला खिडकी लावून उभ्या राहिल्या. ट्रक उंच. एमेट वरून बघत होता आणि खाली बसक्या छपरामुळे त्याला डेल्बर्टची मांडी आणि त्यापलीकडे थोडंसं, एवढंच दिसत असणार.

"अरे, मी तुमच्याकडेच निघालो होतो," एमेट म्हणाला. "आणि तुम्ही दोघं निघालात भटकायला? गाडी विकायचीय ना?"

डेल्बर्टचा हात गिअरवर होता. तो तिथेच राहिला.

एमेटने मान थोडी खाली घातली, डेल्बर्टच्या छातीवरून पलीकडे बघत. "काय गं नोरीन, हातमोजे नाही घातलेस? बोटं बघ कशी निळी पडलीत."

दोन इंजिनांचा आवाज येत होता.

"बोलत नाही आज? मघाशी फोनवर तर केवढी बोलत होतीस. आता पाच मिनिटांपूर्वी. स्वयंपाकघरातून..."

एमेटचं वाक्य तिथे थांबलं. त्याने आपल्या घड्याळाकडे पाहिलं. मग डेल्बर्टच्या घराच्या दिशेने, रस्त्याच्या टोकाकडे. मग पुन्हा खाली, गाडीत. तो आणखी वाकला, छपराच्या कडेखालून चेहरा दिसेल एवढा, आणि डेल्बर्टला त्याच्या मित्राचा चेहरा दिसला. आठ वर्षांचे असल्यापासून तो त्या चेहऱ्याला ओळखत होता. त्याच्यावरून रंग कसा उतरत जातो ते त्याने आज पहिल्यांदा पाहिलं.

"डेल," एमेट म्हणाला. ओठ हलले, आवाज आलाच नाही म्हणावं एवढा आला. "डेल, ती रडतेय."

डेल्बर्टने काच वर केली. गाडी फिरवायची जागा मागे टाकली आणि कोठ्यांच्या पलीकडे, जिथे तो कधी गेला नव्हता त्या रस्त्याला लागला. बराच वेळ त्याने मान समोरच ठेवली. मग उजवा हात गिअरवरून काढला आणि न बघता, तळवा वर करून, शेजारच्या सीटवर ठेवला.

तो हात तसाच ठेवून एका हाताने गाडी चालवत राहिला. त्याला वाट बघायची सवय होती.